अल्पवजनी नवजात अर्भके आणि प्रोबायोटिक पूरके : उपलब्ध पुराव्याचे परीक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

अडीच किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या नवजात अर्भकास अल्पवजनी म्हणावे, असा संकेत जागतिक आरोग्य संघटनेने रूढ केलेला आहे. संकेत सोयीचा आहे. परंतु त्याच्या पोटात दोन अगदी भिन्न प्रकारची मुले येतात. काही मुले गर्भवासाची मुदत पुरी होण्यापूर्वीच, म्हणजे सदतीस आठवड्यांच्या आत, जन्मास येतात. काहींची मुदत पुरी झालेली असते. मात्र गर्भातील पोषण अपुरे पडल्यामुळे त्यांची वाढ खुंटलेली असते. पहिल्या प्रकारच्या मुलाचे आतडे अपक्व असते. दुसऱ्याचे शरीर कृश असले तरी आतडे बरेचसे पक्व झालेले असते. वजनकाट्यावर दोघांचा आकडा एकच येऊ शकतो. त्यांना असलेला धोका मात्र एक नसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) ज्या मुलांच्या जन्मवजनाची नोंद मिळाली, त्यांतील सुमारे १८ टक्के मुले अल्पवजनी आढळली. भारतातील अशा मुलांत मुदत पुरी झालेल्या परंतु वाढ खुंटलेल्या मुलांचा भरणा मोठा असतो. युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील अतिदक्षता कक्षांतून ज्या मुलांवर या विषयाचे संशोधन झाले, ती बहुतांशी अकाली जन्मलेली आणि दीड किलोग्रॅमच्या आतील होती. एका प्रकारच्या मुलांवरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्या प्रकारच्या मुलांना कितपत लागू करावा, हा या विषयातील पहिला प्रश्न होय; आणि नेमका तोच पुष्कळदा विचारला जात नाही.

अशा अर्भकांना उपकारक जीवाणूंची जिवंत मात्रा द्यावी किंवा न द्यावी, याविषयी गेली पंचवीस वर्षे वैद्यकविश्वात वाद चालू आहे. पुराव्याची उणीव हे या वादाचे कारण म्हणता येत नाही. दहा हजारांहून अधिक अर्भकांवर चाचण्या झालेल्या असूनही अधिकारी संस्थांचे एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सशर्त अनुकूलता दर्शविली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ मध्ये सरसकट वापराविरुद्ध सल्ला दिला. एकाच पुराव्यावरून दोन निर्णय निघावेत, याचे कारण त्या पुराव्याच्या वाचनात शोधावे लागते. 'प्रोबायोटिक' आणि 'अल्पवजनी' हे दोन्ही शब्द सैलपणे वापरले गेले आणि त्या सैलपणाने निष्कर्षही सैल केले, असे बारकाईने पाहता दिसून येते.

२. कल्पनेचा उगम

ही कल्पना नवी नव्हे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंगावर पिणाऱ्या मुलांच्या मलात दुफाटी आकाराचे जीवाणू विपुल असल्याचे दाखवून दिले. पुढे बिफिडोबॅक्टेरियम या नावाने ओळखले गेलेले जीवाणू हेच होत. त्याच संस्थेतील मेच्निकॉफ यांनी आंबविलेल्या दुधातील जीवाणू मनुष्यास हितकर असल्याचे मत विसाव्या शतकाच्या प्रारंभी मांडले. १९५० नंतरच्या दशकात पॉल ग्यॉर्गी यांच्या संशोधनातून असे निष्पन्न झाले की, मातेच्या दुधातील काही शर्करायुक्त द्रव्ये या जीवाणूंच्या वाढीस विशेष पोषक असतात. ही द्रव्ये मुलाला स्वतःला पचविता येत नाहीत. मातेच्या दुधाचा काही अंश मुलाच्या आतड्यातील सहवासी जीवाणूंसाठीच असतो, हा त्या शोधाचा गर्भितार्थ फार महत्त्वाचा आहे आणि प्रस्तुत विवेचनात पुढे त्याकडे परत यावे लागणार आहे.

अकाली जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत ही नैसर्गिक व्यवस्था विस्कटते. त्याला मातेपासून दूर, काचेच्या पेटीत ठेवावे लागते. प्रतिजैविके द्यावी लागतात. तोंडाने दूध घेण्यास विलंब होतो. परिणामी त्याच्या आतड्यात मातेकडून येणाऱ्या जीवाणूंऐवजी रुग्णालयातील जीवाणू प्रथम वस्ती करतात. अशा मुलांस होणारा आंत्रकोथ, ज्यास वैद्यकात नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस म्हणतात, हा भयंकर विकार होय. दूध पचत नाही, पोट फुगते, मलात रक्त येते, आतड्याची भिंत सडत जाते आणि प्रसंगी ती फुटते. शस्त्रक्रियेची पाळी आलेल्या मुलांपैकी पुष्कळ दगावतात. वाचलेल्यांपैकी काहींचे आतडे इतके आखूड होते की पोषणाचा प्रश्न दीर्घकाळ मागे लागतो. आतड्यात आरंभीच उपकारक जीवाणूंची वस्ती करून दिली तर हा अनर्थ टळेल, हा प्रोबायोटिक देण्यामागील तर्क आहे. तर्क सुसंगत आहे. परंतु सुसंगत तर्क आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत अंतर असते, आणि ते अंतर चाचण्यांनीच कापावे लागते.

३. अनुकूल पुरावा

कोलंबिया देशातील बोगोटा येथील एका रुग्णालयात होयोस यांनी दाखल झालेल्या १२३७ नवजात अर्भकांना वर्षभर दोन प्रकारच्या जीवाणूंची मात्रा दिली आणि त्यांची तुलना मागील वर्षी दाखल झालेल्या १२८२ अर्भकांशी केली. आंत्रकोथाची संख्या ८५ वरून ३४ वर आली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या वृत्तांताने जगभर आशा उत्पन्न केली. परंतु मागील वर्षाशी केलेली तुलना नेहमीच दुबळी असते. एका वर्षात हात धुण्याची शिस्त, दूध पाजण्याची रीत किंवा परिचारिकांची संख्या यांतील काहीही बदललेले असू शकते, आणि त्याचे श्रेय अजाणता जीवाणूंच्या पदरी पडू शकते.

ही उणीव पुढील चाचण्यांनी भरून काढली. तैवानमधील २००५ च्या चाचणीत दीड किलोग्रॅमच्या आतील ३६७ अर्भकांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटणी करण्यात आली. ज्यांना जीवाणू दिले त्यांच्यात आंत्रकोथाचे प्रमाण १.१ टक्के, तर इतरांत ५.३ टक्के आढळले. त्याच वर्षी इस्रायलमधील १४५ अर्भकांच्या चाचणीत हेच प्रमाण अनुक्रमे ४ आणि १६.४ टक्के आले. ऑस्ट्रेलियात काम करणारे देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये सात चाचण्यांचे आणि २०१० मध्ये अकरा चाचण्यांतील २१७६ अर्भकांचे एकत्रित विश्लेषण केले. दुसऱ्या विश्लेषणात आंत्रकोथाचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने आणि मृत्यूचा धोका निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. यानंतर काही तज्ज्ञांनी असा आग्रह धरला की, इतका लाभ दिसत असताना निम्म्या मुलांना निष्क्रिय भुकटी देऊन नव्या चाचण्या करणे नीतीला धरून नाही. कॉक्रेन संघटनेच्या २०१४ मधील समीक्षेनेही प्रचलित पद्धती बदलण्यास भक्कम आधार मिळाल्याचा निर्वाळा दिला.

या मालिकेतील सर्वांत काटेकोर चाचण्यांपैकी एक म्हणजे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील १०९९ अर्भकांची, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी. तीत तीन जीवाणूंचे मिश्रण वापरले होते. आंत्रकोथ ४.४ वरून २ टक्क्यांवर आला. तथापि, चाचणीचा मूळ हेतू उशिरा होणाऱ्या सेप्सिसला, म्हणजे रक्तात पसरणाऱ्या जंतुसंसर्गाला, आळा बसतो की नाही हे पाहण्याचा होता. त्या मुख्य प्रश्नाचे उत्तर निर्णायकपणे अनुकूल आले नाही. मृत्यूच्या प्रमाणातही स्पष्ट फरक पडला नाही. शिवाय त्या चाचणीतील बहुतेक सर्व अर्भकांना मातेचे दूध मिळत होते. हा तपशील गौण म्हणून सोडून देण्याजोगा नाही. ज्या द्रव्यावर हे जीवाणू पोसतात, ते द्रव्य तेथे उपलब्ध होते.

४. प्रतिकूल पुरावा आणि सरासरीचा दोष

इंग्लंडमधील २४ रुग्णालयांत २३ ते ३० आठवड्यांत जन्मलेल्या तेराशेहून अधिक अर्भकांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ही या एकाच जातीचा एक विशिष्ट वाण वापरला होता. आंत्रकोथ एका गटात ९ टक्के व दुसऱ्यात १० टक्के; सेप्सिस ११ व १२ टक्के; मृत्यू ८ व ९ टक्के. थोडक्यात, लाभ दिसला नाही. एका मोठ्या चाचणीने पूर्वीच्या अनेक लहान चाचण्यांचा उत्साह शांत केला.

या चाचणीतील एक गोष्ट निकालाइतकीच विचारार्ह आहे. ज्यांना निष्क्रिय भुकटी दिली होती, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या अर्भकांच्या मलात गर्भधारणेपासून मोजलेल्या छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तोच जीवाणू सापडला. एका पाळण्यातील जीवाणू शेजारच्या पाळण्यात गेला होता. यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक असा की, तुलनेचा गट शुद्ध राहिला नसल्यामुळे प्रत्यक्ष लाभ काही अंशी झाकला गेला असण्याचा संभव आहे. दुसरा निष्कर्ष अधिक मूलगामी आहे. औषधाची गोळी ज्याला दिली त्याच्याच शरीरात राहते. जिवंत जीवाणू मात्र वस्ती करतो, वाढतो आणि प्रवास करतो. म्हणून एका अर्भकास प्रोबायोटिक देण्याचा निर्णय हा वस्तुतः सबंध कक्षाविषयीचा निर्णय असतो. एका मातेची संमती घेतली तरी तिच्या शेजारणीच्या मुलाचा प्रश्न शिल्लक राहतो. या मुद्द्याची चर्चा जितकी व्हावयास हवी होती तितकी झालेली नाही.

कॉक्रेन समीक्षेची २०२३ मधील आवृत्ती ६० चाचण्या व ११,१५६ अर्भके विचारात घेते. सर्व चाचण्या एकत्र केल्या असता आंत्रकोथाचा धोका ४६ टक्क्यांनी घटतो असे दिसते. परंतु २०१४ चा आत्मविश्वास आता उरलेला नाही. बऱ्याच चाचण्यांची आखणी सदोष असल्यामुळे आणि प्रतिकूल निकाल अप्रकाशित राहिल्याचा संशय असल्यामुळे आंत्रकोथाविषयीच्या पुराव्याची विश्वसनीयता समीक्षकांनी कमी ठरविली. २०२० च्या आवृत्तीत निर्दोष आखणीच्या चाचण्या तेवढ्या वेगळ्या काढल्या असता ही घट ३० टक्क्यांपर्यंत उतरली होती. एक किलोग्रॅमच्या आतील किंवा अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या अर्भकांचा स्वतंत्र विचार केला असता लाभ जवळजवळ नाहीसा होतो. मात्र त्यांच्याविषयीचा पुरावा अवघ्या १८३६ अर्भकांचा आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ज्या मुलांना धोका सर्वाधिक, त्यांच्याविषयीच पुरावा सर्वांत दुबळा, अशी ही विपरीत अवस्था आहे.

टक्केवारीतील घट आणि प्रत्यक्ष वाचणारी मुले यांत गल्लत होऊ नये, म्हणून थोडे गणित करणे उपयुक्त ठरेल. ४६ टक्क्यांची घट खरी मानली, तर ज्या कक्षात शंभरांपैकी दहा मुलांना आंत्रकोथ होतो, तेथे एक मूल वाचविण्यासाठी सुमारे २२ मुलांना जीवाणू द्यावे लागतील. जेथे हे प्रमाण मुळातच दोन टक्के आहे, तेथे हीच संख्या १०९ च्या घरात जाते. समीक्षेत आलेला ३३ हा आकडा या दोहोंच्या मधला असून तो कोणत्याही एका कक्षाचा आकडा नव्हे. म्हणून आपल्या कक्षात आंत्रकोथाचे प्रमाण किती, याची नोंद ज्या रुग्णालयापाशी नाही, त्याला सरासरीचा आधार घेऊन निर्णय करण्याचा अधिकार पोहोचत नाही.

सरासरीचा आणखी एक दोष जीवाणूंच्या विविधतेतून उद्भवतो. २००१ मध्ये आर्जेन्टिनातील कॉर्दोबा येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने प्रोबायोटिकची जी व्याख्या केली, तीत पुरेशा मात्रेत दिले असता यजमानास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव असा आशय आहे. लाभ हा त्या व्याख्येचाच भाग असल्याने, ज्याचा लाभ सिद्ध झालेला नाही त्यास हे नाव देणेच मुळात चुकीचे ठरते. व्यवहारात मात्र नाव आधी मिळते आणि लाभ गृहीत धरला जातो. वस्तुस्थिती अशी की, प्रत्येक वाणाचा गुण वेगळा असतो. सॅकरोमायसिस बोलार्डी हा तर जीवाणूच नव्हे, तो यीस्ट आहे. तुर्कस्तानातील चाचण्यांत त्याने आंत्रकोथ घटला नाही. बॅसिलस क्लॉसी हा भारतात सर्रास दिला जाणारा जीवाणू. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत अकाली जन्मलेल्या २४४ अर्भकांना तो दिला असता सेप्सिसच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. एका वाणाच्या यशावर दुसऱ्या वाणाची पुडी विकणे म्हणजे एका कवीच्या कीर्तीवर दुसऱ्याचा संग्रह खपविण्यासारखे आहे.

५. ओडिशातील चाचणी आणि तिची मर्यादा

भारतीय वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची चाचणी ओडिशातील होय. पाणिग्रही व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४९ खेड्यांतील ४५५६ नवजात अर्भकांवर ती केली आणि २०१७ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम या जीवाणूचा एक निवडक वाण आणि त्यास पोषक अशी शर्करा यांचे मिश्रण आयुष्याच्या पहिल्या आठवड्यात सात दिवस देण्यात आले व साठ दिवस मुलांवर लक्ष ठेवण्यात आले. सेप्सिस किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. श्वसनमार्गाच्या खालच्या भागातील संसर्गही घटला. स्वस्त, सुटसुटीत आणि घरोघरी देता येईल असा हा उपाय आहे. त्याचे जे स्वागत झाले ते स्वाभाविकच होते.

परंतु या चाचणीत कोणती मुले घेतली होती? वजन दोन किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक, गर्भकाल पस्तीस आठवडे किंवा त्याहून अधिक, आणि आरंभी आजाराचे चिन्ह नसलेली. म्हणजे अल्पवजनी मुलांपैकी वरच्या पायरीवरची तेवढी तीत समाविष्ट होती. दोन किलोग्रॅमच्या आतील मुले हेतुपुरस्सर वगळलेली होती. ही मर्यादा संशोधकांनी झाकून ठेवलेली नाही. ती ओलांडली जाते ती नंतर, चाचणीचा हवाला देणाऱ्यांकडून. आणखी असे की, लाभ स्पष्ट दिसल्यामुळे ही चाचणी नियोजित संख्या पुरी होण्यापूर्वीच थांबविण्यात आली. अशा रीतीने लवकर थांबविलेल्या चाचण्यांत लाभाचा अंदाज वास्तवाहून काहीसा फुगण्याची प्रवृत्ती असते, हे संख्याशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे.

याच्या शेजारी ग्रामीण भारतातील दुसरी चाचणी ठेवून पाहणे उद्बोधक आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १३४० अल्पवजनी अर्भकांना अनेक जीवाणूंचे एक मिश्रण अथवा निष्क्रिय भुकटी तीस दिवस देण्यात आली. संशयित सेप्सिसमध्ये सुमारे एक-पंचमांश घट दिसली. परंतु ती योगायोगाची नव्हे असे ठामपणे म्हणता येण्याइतकी निश्चित नव्हती. अल्पवजनी मुलांवरच केलेली ही चाचणी आहे, तरीही तिचा उल्लेख ओडिशातील चाचणीच्या मानाने क्वचितच आढळतो. यश मिळालेल्या चाचणीची कीर्ती दूरवर जाते, अनिश्चित निकालाची चाचणी कपाटात राहते. आणि ज्या मुलांविषयी प्रश्न विचारला जात आहे, ती नेमकी त्या कपाटातील चाचणीत असतात.

सेप्सिसचा प्रश्न भारतात किती तीव्र आहे, हे दिल्लीतील तीन रुग्णालयांच्या अभ्यासावरून कळते. २०१६ च्या त्या वृत्तांतानुसार अतिदक्षता कक्षात दाखल झालेल्या १३,५३० अर्भकांपैकी १४.३ टक्के अर्भकांना सेप्सिस झाला आणि त्यास कारणीभूत जीवाणूंपैकी बरेचसे अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. औषधे निष्प्रभ होत असताना संसर्ग मुळातच टाळणाऱ्या उपायाचे आकर्षण वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु गरज तीव्र असणे हा उपाय परिणामकारक असल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

६. सुरक्षिततेचा विचार

हजारो अर्भकांना जीवाणू देऊनही चाचण्यांत अपाय क्वचितच आढळला, हे मान्य केले पाहिजे. तथापि दोन घटना दृष्टीआड करता येत नाहीत. २०१४ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एका अकाली जन्मलेल्या अर्भकाचा आतड्यातील बुरशीच्या संसर्गाने मृत्यू झाला. त्यास दिलेल्या प्रोबायोटिक भुकटीतच ती बुरशी मिसळलेली होती. विशेष हे की, ऑस्ट्रेलियातील यशस्वी चाचणीत वापरलेली भुकटी याच नावाची होती. चाचणीने त्या जीवाणूंची बाजू सिद्ध केली होती. कारखान्यातून पुढे बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डब्याची हमी देणे चाचणीच्या आवाक्यातले नव्हते. दुसरी घटना २०२३ ची. एक किलोग्रॅमच्या आतील एका अर्भकास दिलेला बिफिडोबॅक्टेरियम जीवाणू त्याच्या रक्तात उतरला आणि ते दगावले. रक्तातील जीवाणू व उत्पादनातील जीवाणू एकच असल्याचे जनुकीय तपासणीत दिसून आले. येथे भेसळीचा दोष नव्हता. जो जीवाणू द्यावयाचा होता, तोच दिलेला होता.

त्या वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना इशारा दिला आणि संबंधित उत्पादकांनी विक्री थांबविली. या निर्णयावर पुष्कळ नवजातरोगतज्ज्ञांनी टीका केली. त्यांचा युक्तिवाद असा की, आंत्रकोथ टळल्यामुळे जी मुले वाचतात, त्यांची संख्या अशा दुर्मीळ अपघातांहून कितीतरी मोठी आहे. या युक्तिवादात तथ्य आहे. प्रोबायोटिकमुळे दगावलेल्या मुलाची नोंद होते, चौकशी होते. प्रोबायोटिक न मिळाल्यामुळे जे मूल आंत्रकोथाने दगावले, त्याच्या मृत्यूचे कारण म्हणून कोणी त्या अभावाकडे बोट दाखवीत नाही. दिसणाऱ्या हानीचे पारडे न दिसणाऱ्या हानीपेक्षा नेहमीच जड वाटते, आणि नियामक संस्था या दोषातून मुक्त नसतात. परंतु टीकाकारांचा युक्तिवादही पुन्हा सरासरीवरच उभा आहे. दगावलेले अर्भक ज्या वजनगटातील होते, त्या गटात लाभ जवळजवळ दिसत नाही. आणि लाभ अनिश्चित असेल तेथे अपायाची दुर्मीळ शक्यताही निर्णायक ठरू शकते. प्रशासनाचा दोष असलाच तर तो त्याने सर्व अकालजात अर्भकांना एकाच इशाऱ्याखाली आणले यात आहे. आणि टीकाकारांचा दोष त्यांनी त्या सर्वांना एकाच आशेखाली आणले यात आहे.

७. उपायांचा अग्रक्रम

प्रोबायोटिकचा विचार इतर उपायांपासून तोडून करणे ही या चर्चेतील आणखी एक उणीव होय. होयोस यांचा वृत्तांत ज्या बोगोटा शहरातून आला, त्याच शहरात १९७८ मध्ये एडगर रे यांनी पेट्यांच्या टंचाईवर तोड म्हणून अर्भकास मातेच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धती सुरू केली होती. कांगारू मातृसेवा या नावाने ती पुढे जगभर गेली. भारतासह पाच देशांतील ३२११ अर्भकांवर केलेली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी १ ते १.८ किलोग्रॅम वजनाच्या अर्भकांची होती. जन्मानंतर तत्काळ ही पद्धती सुरू केली असता अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. संशयित सेप्सिसही २७.८ वरून २२.९ टक्क्यांवर आला. सुमारे २७ मुलांमागे एक मूल वाचले. मातेच्या त्वचेवरून मुलाकडे जे जीवाणू येतात, त्यांना पुडी लागत नाही आणि त्यांच्या शुद्धतेचे प्रमाणपत्रही मागावे लागत नाही.

मातेच्या दुधाची गोष्ट अशीच आहे. ते मिळणाऱ्या मुलांत आंत्रकोथ कमी होतो, हे बऱ्याच काळापासून ज्ञात आहे. आणि ग्यॉर्गी यांच्या शोधाचा आशय लक्षात घेतला तर प्रोबायोटिकची परिणामकारकताही त्यावर अवलंबून असण्याचा संभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ मधील सशर्त अनुकूलता बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या आणि मानवी दुधावर असलेल्या अर्भकांपुरतीच आहे. अट वगळून शिफारस उद्धृत करण्याचा प्रघात म्हणून घातक ठरतो. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी स्थापन केली. त्या पेढीमागील विचार हाच होता की, ज्या मुलाची माता दूध देऊ शकत नाही त्यालाही मानवी दूधच मिळावे. गडचिरोलीतील खेड्यांत अभय बंग व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातीलच स्त्रियांकरवी घरोघरी नवजात सेवा पुरवून नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट घडवून आणल्याचे १९९९ मध्ये दाखवून दिले. या उपायांना पुष्कळ माणसांचे श्रम लागतात, शिस्त लागते, परिचारिकांची पुरेशी संख्या लागते. पुडीला यांपैकी काहीच लागत नाही. तिची लोकप्रियता काही अंशी यातच असावी. पण ज्या कक्षात मातेस मुलाजवळ बसण्यास खुर्ची नाही, तेथे प्रोबायोटिकची पुडी आल्याने वैद्यकीय सेवा आधुनिक झाली असे म्हणता येणार नाही.

८. निष्कर्ष

उपलब्ध पुरावा मुलांच्या प्रकारानुसार वाचला, तर तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात. एक किलोग्रॅमच्या आतील अर्भकांना प्रोबायोटिक सरसकट देण्यास आज आधार नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र आणि मोठ्या चाचण्यांची आवश्यकता आहे, आणि अशा चाचण्या अनैतिक असल्याचा २०१० चा युक्तिवाद त्यांना लागू पडत नाही. एक किलोग्रॅमहून अधिक वजनाची, बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेली आणि मातेचे किंवा पेढीतील मानवी दूध मिळणारी जी अर्भके आहेत, त्यांना चाचणीत यशस्वी ठरलेले मिश्रण शुद्धतेची खात्री करून, मातापित्यांना समजावून आणि कक्षातील आंत्रकोथाचे प्रमाण पाहून देणे समर्थनीय आहे. जेथे ते प्रमाण मोठे आहे तेथे ते न देण्याचीही किंमत मोजावी लागते. आणि मुदत पुरी होऊन जन्मलेली, दीड ते अडीच किलोग्रॅम वजनाची जी मुले भारतातील अल्पवजनी मुलांत बहुसंख्येने आढळतात, त्यांना नित्याचा उपचार म्हणून प्रोबायोटिक लिहून देण्यास पुरेसा आधार नाही. ओडिशातील यशाने त्यांच्याविषयी आशा बाळगण्यास जागा दिली आहे. उपचारपत्रिकेवर नाव लिहिण्याची परवानगी दिलेली नाही.

या विषयावरील पुढील संशोधन वाचताना अभ्यासकाने प्रत्येक वेळी पाच गोष्टी पाहाव्यात : कोणता वाण दिला, कोणत्या वजनाच्या व किती आठवड्यांच्या अर्भकास दिला, ते अर्भक कोणत्या दुधावर होते, तुलनेच्या गटात रोगाचे प्रमाण मुळात किती होते, आणि दिलेल्या उत्पादनाची शुद्धता कोणी तपासली. या पाचांपैकी एकाचेही उत्तर निबंधात नसेल, तर त्याचा निष्कर्ष कितीही अनुकूल वा प्रतिकूल असला तरी तो रुग्णालयाच्या दारातून आत नेऊ नये. नऊशे ग्रॅमचे अकालजात मूल आणि बावीसशे ग्रॅमचे वाढ खुंटलेले मूल यांना एकाच शब्दात बसविणे कागदावर सोपे आहे. पाळण्याजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरास मात्र समोरच्या एकाच मुलाविषयी निर्णय करावयाचा असतो.